विचारतात सगळे, ठरवतं कोण?

इअरफोन लावून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि "ऐकायला वेळ नाही, वाचून टाकतो" म्हणणाऱ्यांनाही. हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना मध्ये मध्ये आलेले "म्हणजे" आणि "अ‍ॅक्च्युअली" काढलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं.

दहावीचा निकाल लागला की तुमच्याकडून येणाऱ्या व्हॉइस नोट्सचा सूरच बदलतो. एरवी मालिका, परीक्षा, ब्रेकअप असं सगळं असतं. जून आला की एकच विषय, घरचे. कोथरूडच्या एका मुलीची नोट आली, जेमतेम वीस सेकंदांची. ती म्हणते, "ताई, आमच्या घरी मला सगळं विचारतात. साइड कुठली, कॉलेज कुठलं, क्लास कुठला. मी सांगते. आणि मग तेच होतं जे आधीच ठरलेलं असतं. मग विचारतात कशाला?"

हा प्रश्न मला फार आवडला, कारण तिने "मला स्वातंत्र्य द्या" असं म्हटलेलंच नाही. तिचं म्हणणं आहे, माझ्या उत्तराने काही हलतं का ते सांगा.

आईबाबांनी मुलांना निर्णयाचं स्वातंत्र्य किती द्यावं, यावर आपल्याकडे दोन ठरलेल्या बाजू असतात. एक बाजू म्हणते, आम्ही चार पावसाळे जास्त पाहिलेत, आमचं ऐका. दुसरी म्हणते, आयुष्य माझं आहे, निर्णयही माझा. मग ताटं वाढली जातात आणि भांडण उद्यावर जातं. मला वाटतं "किती" या शब्दानेच घोळ होतो. मीठ किती घालायचं, असं कुणी स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं तर आपण काय म्हणतो? अगं, भाजी कुठली ते तर सांग! तसंच आहे हे. कुठला निर्णय, ते आधी सांगा. मग किती ते बघू.

शिडीची वरची पायरी

आधी त्या "मग विचारतात कशाला" कडे येऊ. रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी आहे. खालच्या तीन पायऱ्यांना तो सहभाग म्हणतच नाही. त्यात मुलांना वापरून घेणं येतं, शोभेला उभं करणं येतं आणि नावापुरतं विचारणंही येतं. आपल्या कोथरूडच्या मैत्रिणीचं घर नेमकं या तिसऱ्या पायरीवर उभं आहे. चौथ्या पायरीवर निर्णय मोठेच घेतात, पण मुलांना कारण सांगतात. पाचवीवर मुलांचं मत घेतात आणि त्या मताचं पुढे काय झालं तेही सांगतात. सहावीवर विषय मोठे काढतात, पण ठरवतात सगळे मिळून.

आता गंमत बघा. सगळ्यात वर काय असेल असं वाटतं? मुलं एकटी ठरवतात, बरोबर? ती सातवी पायरी आहे. आठवीवर मूल विषय काढतं आणि मोठ्यांना बरोबर घेऊन निर्णय करतं. म्हणजे या शिडीच्या टोकालाही आईबाबा आहेतच, फक्त सुरुवात मुलाने केलेली असते. सातवी वर की आठवी, यावर नंतर बरेच वाद झाले. पण मला आठवी पटते. आपले आजोबा ते सुभाषित सांगतात ना, सोळावं लागलं की मुलाशी मित्रासारखं वागावं म्हणून? त्यातसुद्धा "मोकळं सोडा" असं नाहीये. मित्र सल्ला देतो, वेळेला कान पिळतो, पण तुमच्या वतीने फॉर्म भरून टाकत नाही.

आणि पालकांनो, (हो, ही लिंक फॅमिली ग्रुपवर जाते हे मला माहीत आहे) चौथी पायरीही वाईट नाही. "यंदा ट्रिपला पाठवू शकत नाही, पैसे नाहीत" हे स्पष्ट सांगणं प्रामाणिक आहे. आधी ठरवून मग विचारल्याचं नाटक केलं की मुलं दुखावतात. दोन-तीनदा असं झालं की ती मत सांगणंच बंद करतात. पुढे विचारलं की "तुम्हाला हवं ते करा" एवढंच उत्तर येतं, आणि घरचे समजतात, पोरगी समजूतदार आहे.

कायद्याला एकच वय पुरत नाही

"अठरा पूर्ण होऊ दे, मग काय ते कर" हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. पण कायदा सगळंच अठरावर सोडत नाही. मतदानाचं वय अठरा आहे, तेसुद्धा १९८९ पासून. त्याआधी एकवीस होतं. लग्नासाठी मुलीला अठरा, मुलाला एकवीस. सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंच कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा या वयात मात्र त्या मुलाला आपण काय करतोय ते समजत होतं का, हे बघितलं जातं. फोनच्या बाबतीत २०२३ चा डिजिटल माहितीचा कायदा अठराखालच्या सगळ्यांना मूलच मानतो आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती मागतो.

माझं आवडतं कलम मात्र जुनं आहे. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा. मुलाचा पालक कोण असावा हे ठरवताना, मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल, तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकतं. इंग्रजांच्या काळातला कायदा, आणि त्यात आकडा नाही, समज आहे! बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातही हेच आहे. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. त्याचं बारावं कलम सांगतं की मुलाशी संबंधित बाबतीत त्याला मत मांडता आलं पाहिजे आणि त्या मताला वय आणि परिपक्वता बघून वजन दिलं पाहिजे. मत मांडायचा हक्क सगळ्यांना आहे, वजन मात्र वयाबरोबर वाढत जातं.

मग घरात हे वजन मोजायचं कसं? मी तीन प्रश्न विचारते.

पहिला प्रश्न: चुकलं तर भोगणार कोण?

पुण्यात हा विषय काढला की १९ मे २०२४ ची पहाट आठवतेच. कल्याणीनगर. पोर्श गाडी, ती चालवणारा सतरा वर्षांचा मुलगा असल्याचं पोलिसांचं म्हणणं, आणि दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर, एक मुलगा आणि एक मुलगी, जागीच गेले. दोघंही चोवीस वर्षांचे. जामिनाच्या अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता, त्यावरून देशभर संताप झाला. कोर्टातलं कोर्टात होईल, मी इथे निकाल देणार नाही. पण बारावीचा निकाल लागलेला, मित्र जमलेले, हातात किल्ली, हे चित्र बघून तेव्हा बरेच जण म्हणाले, "बघा, मुलांना जास्त स्वातंत्र्य दिलं की असं होतं."

मला ते अर्धंच पटलं. ज्या निर्णयाची किंमत रस्त्यावरचा तिसराच माणूस मोजणार आहे, तो निर्णय मुलाला द्यायचा अधिकार मुळात आईबाबांकडेच नाही. जे आपलं नाही ते दुसऱ्याला देणार कसं?

कायदाही हेच म्हणतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये एक कलम आलं, १९९अ. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. "मला माहीतच नव्हतं" हे पालकाला सिद्ध करावं लागतं.

आणि पोर्शवाल्यांना नावं ठेवणं सोपं आहे हो. कुठल्याही क्लासबाहेर संध्याकाळी सात वाजता उभे राहा. दहावी-अकरावीची किती मुलं गिअर नसलेल्या स्कूटरवरून निघतात ते मोजा. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते गिअर नसलेल्या आणि ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. बाजारात सर्रास दिसणाऱ्या स्कूटर ११० आणि १२५ सीसीच्या आहेत. "क्लास लांब आहे, पीएमपी वेळेवर येत नाही" हे खरं आहे. पण म्हणून किल्ली देणं ही आपली सोय झाली, मुलाचं स्वातंत्र्य नाही. घरात कधी कधी उलटंच चाललेलं असतं, बघा. गाडीची किल्ली सहज मिळते, आणि आर्ट्सला जायचं म्हटलं की तीन मामा आणि एक आत्या समजवायला येतात.

दुसरा प्रश्न: परत फिरता येतं का?

केस कापले, वाढतील. गिटारचा क्लास लावला, सोडता येईल, फी जाईल. असे निर्णय लहानपणापासून मुलांनाच द्यावेत, चुकू द्यावेत. पाचवीतल्या मुलाने महिन्याचा खाऊचा पैसा चार दिवसांत उडवला आणि उरलेले दिवस तोंड बघत बसला, तर ते शिक्षण स्वस्तात झालं. बाबांनी पाचव्या दिवशी गुपचूप पन्नासची नोट दिली, की शिक्षण बुडालं.

अकरावी मात्र मधली भानगड आहे. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीने होतात. फॉर्ममध्ये जास्तीत जास्त दहा पसंती देता येतात. पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं तर प्रवेश घ्यावा लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्या हुकतात. म्हणजे पहिल्या ओळीत काय लिहायचं, हा खरोखरचा निर्णय आहे. बाबांनी ऑफिसमधून लॉगइन करून तो "भरून टाकला" असेल, तर मुलाला ते नंतर कळून उपयोग नाही.

साइडचं काय? इथे पालकांचा एक मुद्दा खरा आहे. सायन्सवरून पुढे कॉमर्स किंवा आर्ट्सकडे येता येतं, उलटा प्रवास अवघड. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी नसेल तर डॉक्टरकीसाठी ते विषय वेगळे देऊन मगच नीट. म्हणून घरचे म्हणतात, "सायन्स घे, सगळे दरवाजे उघडे राहतात."

पण दरवाजा उघडा असून भागत नाही, तिथपर्यंत पोचायला मार्क लागतात. नावडत्या विषयात दोन वर्षं रडत काढली आणि बारावीला जेमतेम सुटलो, तर उघड्या दरवाजांतले बरेचसे फक्त बघायला उरतात. आणि पाच वर्षांचा लॉ, सीएची फाउंडेशन, बीए, डिझाइनच्या प्रवेश परीक्षा, हे सगळं कुठल्याही साइडने बारावी केलेल्याला खुलं आहे. तेव्हा "दरवाजे" म्हणताना कुठले दरवाजे, तुमच्या मुलाला त्यातल्या कुठल्यातून जायचंय, हे नावानिशी बोला. निम्मी भांडणं इथेच मिटतात, कारण आर्ट्स म्हटल्यावर बाबांच्या डोळ्यांसमोर बेकारी असते आणि मुलीच्या डोळ्यांसमोर मानसशास्त्र.

तिसरा प्रश्न: हे ज्ञान आहे की भीती?

"आम्हाला जास्त कळतं" यात बऱ्याचदा तथ्य असतं. भाड्याचा करार, बँकेचं कर्ज, कुठल्या माणसापासून लांब राहायचं, हे आईबाबांना कळतं. पण कधी कधी त्यांच्या "नाही" मागे माहिती नसते, धास्ती असते. हे ओळखायचं कसं? आणि ती धास्ती फक्त "जुन्या विचारांच्या" घरात असते का?

याचं उत्तर पुण्यातच आहे. कोथरूडच्या कर्वे पुतळ्यापाशी तुम्ही बसची वाट बघितली असेल. तेच ते महर्षी धोंडो केशव कर्वे. १८९३ मध्ये त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं, तर मुरूडच्या गावकऱ्यांनी वाळीत टाकलं. हिंगण्याला विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिलांचं विद्यापीठ उभं केलं. मुलींनी शिकावं म्हणून त्यांच्याएवढं कुणी झिजलं असेल?

त्यांच्या सूनबाई इरावती कर्वे. तेव्हा विशीतल्या, मुंबई विद्यापीठातून एम. ए. झालेल्या. दिनकर कर्व्यांशी त्यांचं लग्न ठरलं तेव्हा त्यांच्या वडिलांना ते पसंत नव्हतं, त्यांना लेकीसाठी संस्थानिकाचं घर हवं होतं. लग्न झालं. मग १९२८ मध्ये दिनकररावांनी त्यांना पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं, आणि याला विरोध कुणी केला? महर्षी कर्व्यांनी!

इरावतीबाई गेल्या. जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन गेल्या. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आल्या, पुढे डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र उभं केलं, आणि 'युगान्त'ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या घरात पुढे मुलं आईला "इरू" आणि वडिलांना "दिनू" म्हणत. एकाच शतकात, एकाच घराण्यात, केवढा प्रवास झाला.

यातून मी दोन गोष्टी घेते. एक, आईबाबांचा विरोध म्हणजे ते वाईट किंवा मागासलेले, असं नाही. जगाशी भांडलेला माणूसही स्वतःच्या घरच्या माणसाच्या बाबतीत कचरू शकतो. म्हणून "नाही" ऐकलं की लगेच दार आपटू नका, नेमकी भीती कशाची ते विचारा. दुसरी गोष्ट जरा टोचणारी आहे. तो निर्णय प्रत्यक्षात आला तो कर्जामुळे आणि नवऱ्याने साथ दिल्यामुळे. पैसे कुणाचे, हा प्रश्न निर्णयाला चिकटलेलाच असतो. "निर्णय माझा आणि फी तुमची" म्हणताना समोरच्याला बोलायचा हक्क मिळतोच. आणि पालकांनो, तुम्हाला तो बोलण्यापुरता मिळतो. फी भरली म्हणजे पुढची चाळीस वर्षं विकत घेतली असं होत नाही.

एकाच घरात दोन घड्याळं

हे बोलल्याशिवाय भाग संपवणार नाही. बऱ्याच घरांत भावाला रात्री अकरा चालतात, बहिणीला आठ. कारण विचारलं तर "जग वाईट आहे". जग वाईट आहे हे मलाही माहीत आहे, मी याच शहरात रात्री रिक्षा शोधलेली आहे. पण वरचे तीन प्रश्न लावून बघा. जाणार कुठे, येणार कशी, बरोबर कोण, फोन चालू आहे का, ही चौकशी दोघांची करा. रात्री उशिरा बाइकवर फिरणाऱ्या मुलालाही धोका असतोच की. नियम जाणाऱ्याकडे बघून बनवू नका, जाण्याकडे बघून बनवा. नाहीतर मुलगी सुरक्षित राहायला शिकत नाही, खोटं बोलायला शिकते. "मैत्रिणीकडे अभ्यासाला" या वाक्यावर पुण्यातल्या किती संध्याकाळी उभ्या आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि त्या संध्याकाळी काही अडचण आलीच, तर ती घरी फोन करायला घाबरेल. खरा धोका तिथे आहे.

मग घरी करायचं काय?

आपल्या कोथरूडच्या मैत्रिणीसाठी, आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी.

विषय तू काढ. निकालानंतर चौकशी होईपर्यंत थांबू नकोस. "रविवारी सकाळी अर्धा तास बसूया का?" म्हण. जेवताना किंवा बाबा दारात चपला घालत असताना हा विषय काढू नको.

एक पान लिही. मला काय घ्यायचंय, का, दोन वर्षांनी काय काय करता येतं, फी किती, आणि नाही जमलं तर पुढे काय. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. "नाही जमलं तर" याचं उत्तर तुझ्याकडे असेल, तर घरच्यांची निम्मी भीती तिथेच बसते. त्या विषयात शिकणाऱ्या एखाद्या सीनिअरशी आईबाबांची गाठ घालून दे. दहा रील्स दाखवण्यापेक्षा एक खराखुरा माणूस बरा.

मग सरळ विचार, "हा निर्णय माझा आहे, तुमचा आहे, की आपला?" तुमचा असेल तर तसं सांगा, कारण सांगा, मी ऐकते. आपला असेल तर माझं मत कुठे धरलं ते दाखवा. हा प्रश्न उद्धट नाही. शांतपणे विचारला तर आईबाबाही विचारात पडतात.

पालकांसाठी एवढंच. अठरावा वाढदिवस म्हणजे बटण नव्हे, की आदल्या रात्रीपर्यंत सगळं आम्ही ठरवणार आणि सकाळपासून हा एकदम शहाणा होणार. पतंगाला ढील हळूहळूच देतात, आणि मांजा हातात असतानाच. दहाव्या वर्षी खाऊचे पैसे, तेराव्या वर्षी अभ्यासाचं वेळापत्रक, सोळाव्या वर्षी साइड, असं देत गेलात तर चुका छोट्या असतानाच होतात. आणि चूक झाली की "सांगितलं होतं ना तुला" हे वाक्य गिळून टाका. अवघड आहे, पण त्या एका वाक्यामुळे पुढच्या वेळी मूल तुमच्याकडे येईल की येणार नाही हे ठरतं.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरी एखादा निर्णय खरंच सगळ्यांनी मिळून झाला असेल, तर तो कसा झाला याची व्हॉइस नोट पाठवा. एका मिनिटाच्या आत, आणि नाव नको असेल तर तसं सांगा. पुढच्या भागात अशाच तीन-चार नोट्स ऐकवणार आहे. आणि हो, अकरावीचा फॉर्म अजून भरायचा असेल, तर मोबाइलवर लॉगइन तुम्ही स्वतः करा आणि आईबाबांना शेजारी बसवा. भेटूच!